हायवूची वेबसाइट: घोड्यावर पैसे लावायच्या आधी ट्रेनरचं नाव इथे बघून घ्या

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते खाली सांगते, कारण माझ्या मते तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हायवू म्हणजे हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड वेल्फेअर युनिट. अमेरिकेत थरोब्रेड (रेसची खास जात) घोड्यांच्या रेस होतात त्यात डोप टेस्ट कुणाची करायची, सँपल कुठल्या लॅबला जाणार, पॉझिटिव्ह आला तर ट्रेनरवर केस कशी चालणार हे सगळं हे लोक बघतात. यांच्या वर हिसा (हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड सेफ्टी अथॉरिटी) नावाची संस्था आहे, २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्यातून आलेली, आणि डोपिंगचं काम २२ मे २०२३ पासून हिसाखालच्या सगळ्या ट्रॅकवर एकाच नियमाने सुरू झालं. त्याआधी प्रत्येक राज्याचं रेसिंग कमिशन वेगळं, औषधांच्या लिस्ट वेगळ्या, शिक्षा वेगळ्या, लॅबही वेगळ्या, म्हणजे एकच ट्रेनर न्यू जर्सीत एका नियमाने आणि केंटकीत दुसऱ्याच नियमाने घोडा पळवणार आणि आपण तिकीट काढणाऱ्यांनी काय समजायचं ते समजायचं.

वेबसाइट फुकट आहे. पब्लिक डिस्क्लोजर्स म्हणून भाग आहे तिथे जायचं, एका बाजूला चालू असलेल्या केसेस आणि दुसऱ्या बाजूला निकाल लागलेल्या. ट्रेनरचं नाव, घोड्याचं नाव, सँपल कधी घेतलं, कुठलं औषध सापडलं, आणि निकाल लागला असेल तर किती दिवस बंदी आणि किती डॉलर दंड. मोठ्या केसमधे लवादाचा पूर्ण निर्णयच वाचायला मिळतो, वीस-तीस पानं सहज असतात, आणि खरं सांगते रेसचं काही समजून घ्यायचं असेल तर त्या निर्णयांसारखं दुसरं वाचायला काही नाही. तबेल्यात रात्री कोण असतं, सईस कुठे जेवतात, औषधाची बाटली कुणाच्या गाडीत होती, व्हेटने कागदावर काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय टोचलं, सगळं त्यात येतं.

मी मूळची पुण्याची, आता बरीच वर्षं जर्सीत. आमच्याकडे उन्हाळ्यात मॉनमथ पार्क असतं, ओशनपोर्टला, समुद्राजवळ. बाबा पुण्याच्या सीझनला जायचे त्यामुळे घोडे बघायची सवय लहानपणापासूनची. पैसे मी थोडेच लावते पण पॅडॉकमधे (रेसआधी घोडे फिरवतात ती जागा) घोडा चालताना बघणं मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ह्या विषयावर मी एवढं लिहितेय. तो प्राणी स्वतःचं दुखणं बोलून दाखवू शकत नाही.

मॉनमथला जाणाऱ्या माणसाला ही वेबसाइट का लागते ते समजायचं तर जॉर्जे नवारोची केस माहीत पाहिजे. हा माणूस सलग कित्येक सीझन मॉनमथचा टॉप ट्रेनर. दुसऱ्याच्या तबेल्यातला साधा घोडा क्लेमिंग रेसमधून (जिथे पळणारा घोडा ठरलेल्या किमतीला घेता येतो) विकत घ्यायचा आणि काही आठवड्यात तोच घोडा असा पळायचा की ओळखू येऊ नये. त्याचं टोपणनावच ‘जूस मॅन’ होतं, आणि हे नाव छापलेले शूज त्याच्याकडे होते हे सरकारी आरोपपत्रात आलंय. म्हणजे लपून काही नव्हतं. मार्च २०२० मधे न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी त्याच्यावर, जेसन सर्विस ह्या दुसऱ्या ट्रेनरवर आणि बऱ्याच व्हेट आणि औषधवाल्यांवर केस केली, एकूण २७ जण. नवारोने नंतर गुन्हा कबूल केला, डिसेंबर २०२१ मधे ५ वर्षांची शिक्षा झाली आणि अडीच कोटी डॉलरच्या वर भरपाई भरायचा हुकूम झाला. एक्सवाय जेट नावाचा त्याचा घोडा, मार्च २०१९ मधे दुबईत गोल्डन शाहीन ही रेस जिंकलेला, तो जानेवारी २०२० मधे गेला, हार्ट अटॅक आला असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या घोड्याला औषधं दिल्याचं नवारोने कोर्टात मान्य केलं. सेथ फिशमन नावाच्या व्हेटला ११ वर्षं झाली, टेस्टमधे सापडणार नाहीत अशी औषधं बनवून विकायचा हा त्याचा धंदाच होता.

आता यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हे लोक लॅबच्या टेस्टमधे पकडले गेले नाहीत. एफबीआयने फोन ऐकले म्हणून पकडले गेले. जेसन सर्विसचा मॅक्झिमम सिक्युरिटी २०१९ च्या केंटकी डर्बीत, अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध रेसमधे, पहिला आला (दुसऱ्या घोड्यांना अडवलं म्हणून मागे टाकला, ते वेगळं), मग २९ फेब्रुवारी २०२० ला सौदी कप जिंकला, दोन कोटी डॉलरची रेस, जगातली सगळ्यात मोठी, आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत ट्रेनरला अटक. सौदी क्लबने पहिलं बक्षीस अडवून धरलं आणि अखेर २०२४ मधे घोड्याला बाद करून मिडनाइट बिसूला विजेती ठरवलं. चार वर्षं. सर्विसला जुलै २०२३ मधे ४ वर्षं तुरुंग झाला. इतकी वर्षं राज्याराज्यांच्या कमिशनांनी ह्या दोघांच्या घोड्यांच्या टेस्ट केल्याच होत्या ना, पण टेस्ट बहुतेक रेसनंतर व्हायची, आणि रक्तातल्या लाल पेशी वाढवणारी औषधं कितीतरी आधी दिली की रेसच्या दिवसापर्यंत औषध शरीरातून जातं पण फायदा राहतो. म्हणून हायवूचे लोक तबेल्यात न सांगता येऊन, रेस नसलेल्या दिवशी रक्त घेतात ती सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं मला वाटतं. शिवाय निनावी माहिती द्यायची सोय आहे. सईसाला सगळं दिसत असतं, त्याला बोलायला जागा पाहिजे.

औषधांचे दोन प्रकार समजून घेतले की ते पान वाचणं सोपं जातं. एक बंदी असलेली, म्हणजे रेसच्या घोड्याच्या अंगात कधीच सापडता कामा नयेत, ईपीओ (तेच लाल पेशी वाढवणारं), स्टेरॉइडचे काही प्रकार वगैरे. दुसरी कंट्रोल्ड, म्हणजे उपचारासाठी चालतात पण रेसच्या आधी ठरावीक काळ थांबवायची. फेनिलब्यूटाझोन, ज्याला तबेल्यात सगळे ब्यूट म्हणतात, ते ह्या दुसऱ्या प्रकारात. लोक म्हणतात की अहो ब्यूट म्हणजे साधी दुखण्याची गोळी, एवढं काय, पण विचार करा की गुडघ्यात बारीक चीर पडलेल्या घोड्याचं दुखणं दाबलं तर तो लंगडत नाही, सकाळी व्हेट बघतो तेव्हा पास होतो, आणि मग ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळताना पाचशे किलोचं वजन त्या पायावर येतं. पाय मोडला की घोडा बहुतेक वाचत नाही आणि वरचा जॉकी कुठे पडेल त्याचा नेम नाही. कॅलिफोर्नियात सँटा अनिताला २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून जून २०१९ पर्यंत ३० घोडे मेले तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष गेलं, सगळे औषधाने मेले असं कुणी म्हणत नाही, ट्रॅक, पाऊस, जास्त रेस सगळं होतं, पण दुखणं झाकणारी औषधं हा त्यातला एक भाग आहे हे रेसमधलेच लोक बोलायला लागले. हिसाच्या ट्रॅकवर २०२४ मधे हजार स्टार्टमागे (एक घोडा एका रेसमधे उतरला की एक स्टार्ट) ०.९० मृत्यू असा त्यांचाच आकडा आहे, आदल्या वर्षी १.२३ होता. हा आकडा मला मोठा वाटतो, पण त्या वर्षी तो खाली आला.

आणि आता मुख्य गोष्ट, ट्रेनरची जबाबदारी. हिसाच्या नियमात ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणून एक माणूस असतो, आणि तो साधारणपणे ट्रेनरच. घोड्याच्या अंगात सापडलं की जबाबदार ट्रेनर, कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नाही हे नंतर. बंदी असलेल्या औषधाला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत बंदी आणि २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बी सँपलची, म्हणजे राखून ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्याची, टेस्ट मागता येते, आणि औषध आलं कुठून ते ट्रेनरने पुराव्यानिशी दाखवलं तर शिक्षा कमी होते, कधी माफही होते. पण पुरावा त्याने आणायचा. बऱ्याच जणांना हे कडक वाटतं, मला नाही वाटत. बक्षिसातला दहा टक्क्यांच्या आसपासचा वाटा ट्रेनर घेतो, तबेल्यावर बोर्ड त्याच्या नावाचा, सईस त्याने ठेवलेले, व्हेट त्याने बोलावलेला, मग घोडा जिंकल्यावर फोटोत पुढे उभं राहायचं आणि टेस्टमधे सापडल्यावर मला काही माहीत नव्हतं म्हणायचं हे चालणार नाही.

मदीना स्पिरिटचं उदाहरण घ्या ना, सगळ्यांना माहीत असलेलं. १ मे २०२१, केंटकी डर्बी, बॉब बॅफर्टचा घोडा पहिला. टेस्टमधे बीटामेथासोन, २१ पिकोग्रॅम. फार छोटा आकडा आहे आणि औषधही उपचाराचंच, पण रेसच्या दिवशी ते रक्तात चालत नाही असा तेव्हाचा केंटकीचा नियम स्पष्ट होता. बॅफर्ट आधी म्हणाले की ह्या घोड्याला हे औषध दिलेलंच नाही, मग दोन दिवसांनी सांगितलं की त्वचेला ओटोमॅक्स मलम लावत होते त्यात ते असतं. फेब्रुवारी २०२२ मधे घोडा बाद, मँडलून विजेता, ट्रेनरला ९० दिवस बंदी आणि ७,५०० डॉलर दंड. डर्बी जिंकणाऱ्याचा हिस्सा १८ लाख ६० हजार डॉलर होता, त्यापुढे ७,५०० म्हणजे काय. डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सने स्वतःच्या ट्रॅकवर वेगळी बंदी घातली, ती २०२४ पर्यंत चालली, म्हणजे खरी शिक्षा एका खासगी कंपनीने दिली आणि सरकारी कमिशनने नाममात्र, ही पद्धतच चुकीची होती. तो घोडा डिसेंबर २०२१ मधे सँटा अनिताला सकाळच्या सरावानंतर कोसळून मेला. तीन वर्षांचा होता. शवविच्छेदनात नक्की कारण सापडलं नाही, म्हणून त्याबद्दल मी जास्त काही म्हणत नाही.

निकाल लागायला जवळजवळ दहा महिने लागले हे लक्षात घ्या. आणि त्या दहा महिन्यांत ट्रेनर घोडे पळवत होता. आता बंदी असलेलं औषध सापडलं तर ट्रेनरला निकालाच्या आधीच तात्पुरतं बाजूला करतात आणि तसं नाव पानावर येतं. मी रेसकार्ड हातात आलं की आधी चालू केसेसचं पान बघते. केस चालू आहे म्हणजे दोषी असं नाही, हे मी नवऱ्यालाही दर वेळी सांगते कारण तो लगेच ‘चोर आहे’ म्हणून मोकळा होतो, पण एकाच तबेल्याची तीन नावं वर्षभरात दिसली तर मी त्या तबेल्यावर पैसे लावत नाही, भाव कितीही चांगला असो. एवढा हक्क आपल्याला पाहिजेच.

कौतुक झालं, आता तक्रारी. पहिली मेटफॉर्मिनची. हो तीच, आपल्याकडे घरोघरी डायबेटिसला असते ती गोळी. घोड्यात ती बंदी असलेल्या औषधांत धरली गेली आणि त्यावरून काही ट्रेनरना लांबलचक बंदी झाली. आता तबेल्यात काम करणाऱ्या माणसाला डायबेटिस असेल, गोळी हाताळून त्याच हाताने घोड्याच्या तोंडात लगाम घातला तर इतका बारीक अंश जाऊ शकतो असं बचावात येत होतं, आणि आजची मशीन इतकं कमी पकडतात की ते हसण्यावारी नेता येत नाही. ज्या ट्रेनरचं नाव पानावर लागलं त्याचे मालक दुसऱ्या दिवशी घोडे काढून नेतात, नंतर निर्दोष ठरून काय उपयोग. २०२४ मधे हिसाने ह्या केसेस थांबवून नव्याने विचार सुरू केला ते चांगलं झालं, पण ज्यांची वर्षं आधीच गेली त्यांचं काय. ट्रेनर जबाबदार हे मी म्हणतेच, पण मग यंत्रणाही तेवढीच जबाबदार पाहिजे. त्याच वर्षी केंटकी विद्यापीठाच्या लॅबबद्दल प्रश्न उभे राहिले आणि हायवूने तिथलं काम बंद केलं. ते लपवलं नाही, जाहीर केलं, म्हणून माझा विश्वास उलट वाढला.

दुसरी बारीक तक्रार, औषधाचं लांबलचक रासायनिक नाव दिसतं पण ते घोड्याला काय करतं हे आपल्यालाच शोधायला लागतं. शेजारी एक ओळ लिहिली तर सामान्य माणसाला किती सोपं होईल. तिसरी, सगळा देश ह्यात नाही. टेक्सास वेगळं चाललंय, काही राज्यं कोर्टात गेली, कायदा घटनेत बसतो की नाही यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं म्हटलंय. शिवाय हे फक्त थरोब्रेडचं, क्वार्टर हॉर्स (घोड्यांची दुसरी जात) आणि हार्नेस (मागे गाडी जोडून पळवतात ते) रेसिंगवाले यात येत नाहीत. त्यामुळे पानावर नाव नाही म्हणजे माणूस स्वच्छ असं धरून चालू नका.

आता तो कापलेला स्टार. ट्रेनरवर बंदी आली की घोडे कुठे जातात? नवारो-सर्विसच्या अटकेनंतर मॅक्झिमम सिक्युरिटी बॅफर्टकडे गेला. बॅफर्टना २०२२ मधे ९० दिवस झाले तेव्हा टायबा आणि मेसियर हे घोडे टिम यक्टीनकडे गेले, जे पूर्वी बॅफर्टचेच असिस्टंट होते. टायबाने सँटा अनिता डर्बी जिंकली, मग दोघेही केंटकी डर्बीत पळाले, आणि जुलैमधे बंदी संपल्यावर टायबा परत जुन्या तबेल्यात, महिनाभरात आमच्याच मॉनमथला हॅस्केल ह्या मोठ्या रेसमधे पळाला आणि अगदी थोडक्यात दुसरा आला. यात कुणी नियम मोडला असं मी म्हणत नाहीये, तेव्हा सगळं नियमात बसत होतं, यक्टीन स्वतः लायसन्स असलेले ट्रेनर आहेत. माझा मुद्दा एवढाच की तबेला तोच, घोडे तेच, मालक तेच, फक्त रेसकार्डवरचं नाव तीन महिन्यांसाठी बदललं, तर शिक्षा नक्की कुणाला झाली? आता नियम जास्त कडक आहेत, बंदीतल्या माणसाने रेसच्या कामात भागच घ्यायचा नाही असं आहे, पण पान वाचणाऱ्याला ते कसं कळणार? बंदी किती दिवस ते दिसतं, त्या काळात त्याचे घोडे कुणाच्या नावावर गेले ते त्याच ओळीत दिसत नाही. ते शोधायला मला जुनी-नवी रेसकार्डं शेजारी ठेवून बसावं लागतं. एक कॉलम वाढवा, घोडा कुणाकडून कुणाकडे आणि कुठल्या तारखेला. मालकाचं नावही टाका. पॉझिटिव्हवर पॉझिटिव्ह येणाऱ्या ट्रेनरकडे घोडे ठेवत राहणारा मालक ह्या सगळ्यात कुठेच दिसत नाही, आणि पैसा तर त्याचाच असतो.

आणि पैसे लावणाऱ्यांचं तर कुणी नावच काढत नाही. मदीना स्पिरिटवर दोन डॉलर लावणाऱ्याला २६ डॉलर २० सेंट मिळाले. मँडलूनचा भाव त्याहून बराच मोठा होता, त्याच्यावर लावणाऱ्यांना काहीच नाही, कारण रेस ऑफिशियल झाली की पेमेंट फायनल, नंतर बक्षीस मालकांमधे फिरतं पण तिकीटवाल्याचं गेलं ते गेलंच. मान्य आहे की दहा महिन्यांनी कागदी तिकीटं कुठून आणायची. पण आता बहुतेक लोक फोनवर खेळतात, प्रत्येक तिकीट अकाउंटवर नोंदलेलं असतं, मग दंडाच्या रकमेतून एक फंड करून त्यांना काहीतरी द्यायला काय हरकत आहे? हे हायवूच्या हातात नाही हे मला कळतं, पण लिहून ठेवते.

मुंबई-पुण्याला रेस बघणाऱ्यांनीही हे पान एकदा जरूर बघावं. आपल्याकडे रेस चालवणारा क्लबच ट्रेनरला लायसन्स देतो आणि क्लबचे स्टुअर्डच (रेसचे पंच) चौकशी करतात, आणि मुंबई-पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता सगळ्यांचे क्लब वेगळे. घोडे मात्र सीझनप्रमाणे ह्या शहरातून त्या शहरात पळायला जातात. सगळ्या क्लबांचे डोप टेस्टचे निकाल एका जागी, ट्रेनरच्या नावाने, पूर्ण निर्णयासकट वाचायला मिळाले तर किती बरं होईल.

ज्यांना फक्त हॅट घालून फोटो काढायला रेसला जायचंय त्यांना ह्या साइटचा उपयोग नाही. जे घोडा बघतात, फॉर्म वाचतात, दहा-वीस डॉलर विचार करून लावतात त्यांनी रेसकार्डाबरोबरच उघडी ठेवा, आधी चालू केसेस, मग निकाल लागलेल्या. आणि लवादाचा एक तरी निर्णय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, मेटफॉर्मिनवाल्यांपैकी एखादा घेतलात तर दोन्ही बाजू कळतील. तो कॉलम ज्या दिवशी वाढवतील त्या दिवशी मी पाचवा स्टार देईन.